एकच नाव तिघांना

टेबलावर तिघं ओळीने.
दोन हजार आठचा निळा, त्याची एक अँटेना मोडलेली,
सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली.
पंधरा सालचा पांढरा, आता दुधाळ चहाच्या रंगाचा.
आणि परवा पणजीहून आणलेला काळा,
उलट्या पडलेल्या कुर्लीसारखा, सहा पाय वर.

घर दिवाडीला, मळारात.
पुढचा भाग चिऱ्याचा, भिंती हातभर जाड,
मधे ब्याण्णवचा स्लॅब, मागे पत्र्याची शेड.
तिथे पप्पांचे पाने, ग्रीसचे डबे, आणि पंपाचा स्विच
जो फोनवरून चालू होतो असं पप्पा सगळ्यांना सांगतात
आणि होत नाही.

काळा एकटा पुरेल, दुकानदार म्हणाला होता.
त्याने चिरा पाहिला नसावा.
पहिल्या भिंतीत निम्मा मेला,
दुसरीत उरलेला.
स्वयंपाकघरात एक काडी,
तीही फ्रीजचं दार उघडलं की जाते.

मग वायर. मी शिडीवर, वाशांमधून ओढतेय,
पप्पा खालून सोडताहेत दोर सोडावा तशी,
ढील देत, पीळ पडू न देता.
छत्तीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन.
नार्वे, दिवाडी, नार्वे.

संध्याकाळी सगळं जोडलं आणि काहीच चालेना.
फोन एकदा म्हणे आहे, एकदा म्हणे नाही.
मी सांगितलं, पप्पा, तिघंही नंबर वाटताहेत,
प्रत्येकाला वाटतं दार आपणच.
"धक्क्यावर तिकीट फाडणारा एकच जाय गो.
बाकीच्यांनी फळी टाकायची."
मॅन्युअलात याला दीड पान आहे.
मी दोघांचं वाटप बंद केलं.
आता ते नुसती फळी टाकतात.

निळ्याचं वेगळंच. त्याला नवी बोली येत नाही.
काळ्याच्या चॅनलवर त्याला बसवलं
तर काळा दर वाक्याआधी थांबतो,
जुन्या संथ बोलीत आधी सांगतो, मी बोलतोय हं आता,
आणि मग बोलतो.
जेवताना आम्ही पप्पांशी बोलतो तसं,
उजव्या बाजूला सरकून,
कारण डावा कान इंजिनाने नेला.

म्हणून काळा सहावर, पांढरा अकरावर,
निळ्याला एक. पण एकवर रेमेदियुस.

कुंपणाशी जाऊन हाक मारली.
"तुम्ही एकवर आहात."
"मी जेवतोय."
"वायफायचा चॅनल हो."
"हात लावू नको. लिझेटने लावून दिलाय,
गेल्या नाताळात, लिस्बनला परत जायच्या आधी.
हलवला तर ती दिसायची बंद होईल."
साडेनऊला दिसते ती, रोज.
नऊ वीसला मी त्याला अकरावर नेला.
दहा मिनिटं तो माझ्याशी बोलला नाही,
काटे ताटाच्या कडेला लावत बसला.
मग फोन वाजला. पलीकडे कुणीतरी मोजे वाळत घालत होतं.
निघताना त्याने हातात बिंब्लीची पिशवी दिली,
वर म्हणाला, परत हलवू नको.

तिघांना एकच नाव ठेवलं, एकच पासवर्ड.
निळा शेडमध्ये, पंपाच्या वर, खिळ्याला टांगलेला.
रात्री अकराला पंप फोनवरून सुरू झाला,
पप्पांनी बंद केला, सुरू केला, बंद केला,
शेजारचं कुत्रं भुंकेपर्यंत.

मग ते फोन समोर धरून चालत निघाले घराकडे.
काळा खिडकीतून भरभरून देत होता,
पण पप्पांच्या फोनने निळ्याला सोडलं नव्हतं,
एक काडी, तीही अर्धी, तरी धरूनच.
तुळशीपर्यंत धरून. धुण्याच्या दगडापर्यंत धरून.
विहिरीपाशी ते थांबले.
"गेलो," म्हणाले. आणि थोड्या वेळाने,
"आयलो."

आणि परत शेडकडे वळले,
कुठे सुटतो ते नीट बघायला.